वाचकांचे प्रश्न : पाणथळीचे पक्षी आणि त्यांची नावे

दरवर्षी जानेवारीत पाणथळ जागांवरील पक्ष्यांची गणना होते. तिच्याविषयी मागील अंकात टिपण आल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख पक्षी ओळखण्यापेक्षा त्यांच्या नावांकडे होता. हे आम्हाला फार मोलाचे वाटते. पक्ष्याचे नाव नीट तपासले, तर ते देणाऱ्याने त्याला कोठून पाहिले हे बहुधा कळते. काठावर नांगर धरणारा शेतकरी, होडीतून जाळे टाकणारा भोई आणि दूरदेशीच्या संग्रहालयात पेंढा भरलेला नमुना हातात घेऊन बसलेला अभ्यासक या तिघांनी एकाच पक्ष्याला तीन वेगळी नावे दिली आणि तिन्ही आपापल्या परीने खरी ठरली, असे अनेकदा घडले आहे. पत्रांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात काळ्या रंगाच्या आणि पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्यांचे मोठे थवे दिसतात. आमच्या भागात त्यांना कोणी वारकरी म्हणते, तर कोणी चांदवा. हे दोन वेगळे पक्षी आहेत का? आणि पंढरीच्या वारकऱ्यांशी त्यांचा संबंध कसा जोडला गेला?
— एक शिक्षिका, इंदापूर तालुका

उत्तर : दोन्ही नावे एकाच पक्ष्याची आहेत. इंग्रजीत त्याला कूट म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव फुलिका आत्रा असे आहे. आकाराने तो गावठी कोंबडीपेक्षा लहान, अंगाने काळपट राखाडी, डोक्यामानेला गडद काळा आणि डोळ्यांनी लाल असतो. पांढऱ्या चोचीच्या मुळापासून कपाळावर चढत गेलेली, पिसे नसलेली एक तकतकीत पांढरी पट्टी ही त्याची खूण आहे. पक्षी कितीही दूर असला, तरी एवढे चिन्ह दुर्बिणीशिवायही दिसते आणि दोन्ही मराठी नावांचा उगम त्यातच आहे.

कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या बैलाला चांद्या म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चांदवा हे नाव त्याच रीतीतले असून ते गोठ्यातून तळ्यावर आलेले आहे. वारकरी हे नाव देणाऱ्याला त्याच पट्टीत गोपीचंदनाचा टिळा दिसला. शिवाय हा पक्षी हिवाळ्यात सहसा एकटा दिसत नाही. शेकड्यांच्या संख्येने एकत्र तरंगत आणि एकाच दिशेने सरकत जाणारे हे काळे थवे पाहिले की दिंडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपल्या भागापुरता आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. उजनीचे पाणी भीमेचे आणि हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. थंडीचे पाहुणे मोठ्या संख्येने येऊ लागतात तो काळही साधारण कार्तिकी एकादशीचा असतो. नावाचा उगम या योगात आहे असे आमचे म्हणणे नाही. उजनीचे धरण १९८० मधले आहे आणि नाव त्याहून जुने आहे. तथापि त्या काठावर हे नाव इतके घट्ट रुजले, याचे मात्र नवल वाटत नाही.

याच कपाळाकडे इंग्रजांनी पाहिले तेव्हा त्यांना तेथे टक्कल दिसले. डोक्यावर केस नसलेल्या माणसाला कूटची उपमा देण्याचा प्रघात त्यांच्या भाषेत फार जुना आहे. शास्त्रीय नावाचा मात्र कपाळाशी काही संबंध नाही. फुलिका हे या पक्ष्याचे जुने लॅटिन नाव आणि आत्रा म्हणजे काळी. स्वीडनचा निसर्गअभ्यासक लिनियस याने १७५८ साली ते नोंदवले.

गणनेसाठी जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की वारकरी बदकांच्या संगतीत पोहत असला, तरी तो बदक नाही. त्याच्या बोटांना बदकासारखा सलग पडदा नसतो. प्रत्येक बोटाच्या कडेला सुट्या पाळ्यांची झालर असते. उडताना तो पाण्यावरून पाय आपटत बरेच अंतर धावतो आणि मगच हवेत उठतो. कुळाने तो पाणकोंबड्यांचा भाऊबंद आहे आणि पुढचा प्रश्न नेमका त्यांच्याविषयीच आहे.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आमच्या परसामागच्या ओहोळात एक पक्षी रात्रंदिवस ‘क्वाक् क्वाक्’ असा ओरडत असतो. आमच्याकडे त्याला कुवाकोंबडी म्हणतात. पुस्तकात मात्र पाणकोंबडी या नावाखाली तीन-चार वेगवेगळी चित्रे आहेत. यांतली खरी पाणकोंबडी कोणती?
— एक वाचक, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : आपल्या परसामागे ओरडते ती पांढऱ्या छातीची पाणकोंबडी होय. तिची पाठ काळपट, तोंड, गळा व छाती स्वच्छ पांढरी आणि शेपटीखालचा भाग तांबूस असतो. एरवी ती फारशी आवाज करत नाही. मात्र विणीच्या हंगामात, म्हणजे मुख्यतः पावसाळ्यात, तिचे ओरडणे सुरू झाले की ते थांबता थांबत नाही. कुवाकोंबडी हे नाव तिच्या त्याच हाकेवरून पडले आहे आणि आमच्या मते ते पुस्तकी नावापेक्षा सरस आहे. दाट झुडपात दडलेल्या या पक्ष्याची छाती दिसण्याआधी त्याचा आवाजच कानावर पडतो. तिच्या शास्त्रीय नावातील फिनिक्युरस या शब्दाचा अर्थ तांबड्या शेपटीची असा आहे. चालताना ती आखूड शेपटी सारखी वर उडवत असते आणि दर झटक्यासरशी खालचा तांबूस रंग चमकतो. त्यामुळे हे नावही जिवंत पक्ष्याला शोभणारे आहे.

खरी पाणकोंबडी कोणती, या प्रश्नाचे उत्तर असे की पाणकोंबडी हे एका जातीचे नाव नसून ते एका चणीचे नाव आहे. ज्यांनी ही नावे दिली ते शेतीवाडीतले लोक होते. कोंबडी, कावळा आणि लावा हे पक्षी त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. पाण्याकाठी त्यांच्यासारखा कोणी दिसला की त्यांनी ओळखीच्या नावामागे ‘पाण’ जोडले. पाणकोंबडी, पाणकावळा आणि पाणलावा ही नावे अशी झाली. पाणमांजर आणि पाणकणीस यांचीही घडण हीच आहे. त्यामुळे कोंबडीच्या चणीचे, शेपटी उडवत चिखलात चालणारे जे जे काही दिसले, ते सगळे पाणकोंबडीत जमा झाले.

त्यांपैकी लाल चोचीची पाणकोंबडी तळ्यांवर सर्रास दिसते. लाल चोचीचे टोक पिवळे, कपाळावरची पट्टी लाल आणि पाय हिरवट पिवळे, अशी तिची ओळख आहे. गॅलिन्युला क्लोरोपस या तिच्या नावाचा अर्थ हिरव्या पायांची लहान कोंबडी असा आहे. गंमत अशी की युरोपातील विद्वानालाही तिच्यात कोंबडीच दिसली. मूरहेन या तिच्या इंग्रजी नावातील ‘मूर’ या शब्दाला पूर्वी दलदलीची जमीन असाही अर्थ होता.

जांभळी पाणकोंबडी या सर्वांत देखणी. अंगावर निळ्याजांभळ्या रंगाच्या छटा, लालभडक जाडजूड चोच आणि लांब लाल पाय असा तिचा थाट असतो. पाणकणसाच्या बेटात ती कोवळा कोंभ उपटते, पायाच्या बोटांत धरून चोचीशी नेते आणि आतला मऊ गाभा तेवढा खाते. एका पायावर तोल सांभाळत केलेले हे जेवण एकदा तरी सावकाश पाहावे. तिच्या नावातील पॉर्फिरिओ हा शब्द ग्रीकांच्या जांभळ्या रंगाच्या शब्दावरून आला आहे. हा रंग त्या काळी समुद्रातील गोगलगायींपासून काढत असत आणि तो अतिशय महाग असे. आपल्याकडील पक्ष्याला आता पॉर्फिरिओ पोलिओसेफॅलस असे स्वतंत्र जातीचे नाव आहे. पोलिओसेफॅलस म्हणजे करड्या डोक्याचा.

प्रश्न : कमळपक्ष्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ शल्यचिकित्सक असा आहे, असे ऐकले. कमळाच्या पानांवर चालणाऱ्या इतक्या नाजूक पक्ष्याला असे नाव कोणी आणि का दिले?
— एक विद्यार्थिनी, गोंदिया

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे नाव हायड्रोफॅझिएनस कायरर्गस असे आहे. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ पाण्यातला फेझंट (लांब शेपटीचा, कोंबड्याच्या कुळातला पक्षी) आणि दुसऱ्याचा अर्थ शस्त्रक्रिया करणारा वैद्य असा होतो. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने फिलिपीन्समधील लुझोन बेटावरील या पक्ष्याचे वर्णन करताना त्याला शल्यवैद्य म्हटले आणि त्या वर्णनाच्या आधारे स्कोपोली या निसर्गअभ्यासकाने १७८६ साली हे शास्त्रीय नाव दिले. त्याचे कारण पंखात आहे. कमळपक्ष्याच्या पंखाच्या सांध्यावर एक अणकुचीदार काटा असतो. त्या काळचे वैद्य रक्त काढण्यासाठी जे टोकदार पाते वापरत, त्याच्याशी या काट्याचे साम्य सोनेराला जाणवले.

आता तळ्याच्या काठावर उभे राहून पाहा. पंखावरचा तो काटा आपल्याला दिसणार नाही. पक्षी हातात घेऊन पंख उघडल्याखेरीज तो सहसा नजरेस पडत नाही. काठावरून दिसतात ती पानांवर पसरलेली विलक्षण लांब बोटे आणि नखे. त्यांच्यामुळे शरीराचा भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो आणि पान बुडण्याआधीच पक्षी पुढच्या पानावर गेलेला असतो. मराठी नाव देणाऱ्याने हे चालणे पाहिले आणि त्याला कमळपक्षी म्हटले. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडील मालगुजारी तलावांत शिंगाड्याच्या वेलींवरही तो याच सहजतेने वावरतो.

इंग्रजीतील जकाना हे नाव त्याहून दूरचे आहे. ब्राझीलमधील तुपी भाषेतील शब्द पोर्तुगिजांनी उचलला, त्यांच्याकडून तो युरोपभर गेला आणि तेथून आपल्या तळ्यांवरच्या पक्ष्याला येऊन चिकटला.

आपल्याला पाहताना मदत होईल अशी एक गोष्ट येथे नोंदवतो. पावसाळ्यात या पक्ष्याची पाठ-पोट गडद चॉकलेटी, पंख पांढरे, मानेमागचा भाग सोनेरी आणि शेपटी लांब कमानदार असते. हिवाळ्यात ती शेपटी गळते आणि वरचा रंग साधा तपकिरी होतो. त्यामुळे एकाच तलावावर दोन निराळे पक्षी राहतात असा समज अनेकांचा होतो. मादी नरापेक्षा मोठी असते. ती बहुधा चार अंडी घालते आणि ती नराच्या हवाली करून दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे ही दोन्ही कामे नर करतो. याचा आप्त असलेल्या कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर संकट दिसताच पिलांना पंखांखाली घेऊन उठतो. तेव्हा पंखांच्या कडेखालून पिलांचे लांब पाय तेवढे लोंबताना दिसतात.

प्रश्न : हळदी-कुंकू नावाचे बदक खरोखर आहे का? आणि चोचीवरून नाव पडलेले आणखी पक्षी कोणते? नकटा या बदकाचे नाव कशावरून पडले?
— एक वाचक, निफाड

उत्तर : आहे, आणि ते आपल्या तालुक्यातच, नांदूर मध्यमेश्वरला पाहायला मिळते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरची ही पाणथळ महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ, आहे. या बदकाची चोच काळी, तिचे टोक ठसठशीत पिवळे आणि मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक लालसर ठिपका असतो. शास्त्रीय नावातील पोएसिलोरिंका या शब्दाचा अर्थ रंगीबेरंगी चोचीचा असा आहे आणि इंग्रजी नाव चोचीवरच्या ठिपक्यांविषयी बोलते. कोणते रंग आणि कोणत्या जोडीने, हे मात्र फक्त मराठी नावात सांगितले आहे. ज्या घरात देव्हाऱ्यापाशी कुयरी किंवा करंडा असतो, त्या घरातल्या माणसाला हे बदक दुसऱ्यांदा ओळखून द्यावे लागत नाही.

चिखलपाण्यातल्या पक्ष्याची चोच हे त्याचे अवजार असते आणि आपल्या लोकांनी ते अवजार म्हणूनच पाहिले. काळ्या डोक्याच्या, पांढऱ्या अंगाच्या शराटीला कुदळ्या म्हणतात. त्याची लांब काळी चोच खाली वाकलेली असते आणि तो ती ओल्या मातीत खुपसून किडे, गोगलगायी, बेडूक शोधत असतो. त्याच्या शास्त्रीय नावातील थ्रेस्किऑर्निस म्हणजे पूजनीय पक्षी. याचा जवळचा भाऊबंद प्राचीन इजिप्तमध्ये थोथ या देवतेशी जोडला गेला होता, त्यामुळे सगळ्या प्रजातीलाच ते नाव मिळाले. शराटी हे नाव मात्र चोचीवरून आलेले नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात शरारि, आटि आणि आडि ही जलपक्ष्याची नावे एका ओळीत दिली आहेत आणि शराटी म्हणताना त्यांचा नाद आजही कानाला जाणवतो.

चमच्या या पक्ष्याच्या चोचीचे टोक चपटे आणि गोलसर असते. तो उथळ पाण्यात चोच अर्धवट उघडी ठेवून डोके डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि काही लागले की चोच मिटतो. भक्ष्य डोळ्यांनी दिसण्यापेक्षा चोचीला लागणे येथे महत्त्वाचे असते, म्हणून गढूळ पाणीही त्याला चालते. रुंद चपट्या चोचीच्या बदकाला थापट्या म्हणतात. त्याच्या चोचीच्या कडांना बारीक दातेरी कंगोरे असतात. त्यांतून पाणी गाळून तो आतले सूक्ष्म अन्न खातो.

या सर्वांत आम्हाला विशेष आवडणारी चोच उघड्या चोचीच्या करकोच्याची आहे. ग्रंथांत त्याला मुग्धबलाक असेही म्हणतात. त्याच्या चोचीचे दोन्ही भाग टोकाशी भेटतात, परंतु मध्ये फट राहते. शास्त्रीय नावातील ऑसिटन्स म्हणजे जांभई देणारा. १७८३ साली हे नाव देणाऱ्या बोडार्टला पक्षी आळसावलेला वाटला असावा असे नावावरून दिसते. प्रत्यक्षात तो अत्यंत कसबी पक्षी आहे. पाण्यातल्या मोठ्या गोगलगायींवर त्याची गुजराण चालते. कवचाच्या तोंडावरचे झाकण सैल करून आतला जीव अलगद ओढून काढण्यासाठी ही चोच घडलेली आहे. पिलांच्या चोचीत ही फट नसते. ती वाढत्या वयाबरोबर पडते. त्यामुळे फट नसलेला तरुण पक्षी पाहून ओळख चुकण्याचा संभव असतो.

नकटा या बदकाविषयीही आपण विचारले आहे. त्याच्या नराच्या चोचीवर मोठे मांसल उंचवट्यासारखे गाठोडे असते आणि विणीच्या दिवसांत ते अधिक फुगते. ज्याचे नाक सर्वांत ठळक त्याला नकटा म्हणावे, हे शब्दाच्या रूढ अर्थाच्या उलट आहे. नाव देणाऱ्याचे लक्ष नाकाकडे गेले, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

प्रश्न : तळ्याकाठी बसणाऱ्या मातकट बगळ्याला आमचे आजोबा ढोकरी म्हणत. एका पुस्तकात वंचक आणि दुसऱ्यात भुरा बगळा असे छापले आहे. मुलांना यांतले कोणते नाव शिकवावे?
— एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : मुलांना आजोबांचे नाव आधी शिकवावे आणि बाकीची दोन त्याला जोडून सांगावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

हा पक्षी विहिरीच्या काठावर, भातखाचरात किंवा गटाराच्या कडेलाही मान खांद्यांत ओढून बसतो. पाठ मातीच्या रंगाची, मानेवर व छातीवर तपकिरी रेघा. चिखलाच्या पार्श्वभूमीवर तो इतका मिसळून जातो की पुष्कळदा आपण अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. मग तो एकदम उठतो आणि मातकट पक्ष्याचा पांढराशुभ्र पक्षी होतो, कारण त्याचे पंख आणि शेपटी पूर्ण पांढरी असतात. चार वावे पुढे जाऊन तो बसतो, पंख मिटतात आणि पांढरे सारे नाहीसे होते. वंचक म्हणजे फसवणारा. ज्याने हे नाव योजले त्याने पक्ष्याचे हे उठणे-बसणे नीट पाहिले होते. भुरा बगळा हे नाव बसलेल्या पक्ष्याचा फक्त रंग सांगते. तेही चूक नाही, पण विणीच्या दिवसांत याच पक्ष्याची पाठ गडद तांबूस होते आणि डोक्यावर लांब पांढरी पिसे येतात. मग भुरा हे वर्णन अपुरे पडते.

या पक्ष्याचा महाराष्ट्राशी आणखी एक संबंध आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. मुंबई इलाख्याच्या लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील पक्ष्यांची सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली आणि १८३२ साली या बगळ्याला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळाले. आज ते अर्डिओला ग्रेआय असे लिहितात. ग्रे हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे. ज्या पक्ष्याला दख्खनच्या गावोगावी स्वतःचे नाव होते, त्याला जगाच्या दप्तरात दूरच्या संग्रहालयातील अधिकाऱ्याचे नाव लाभले. साइक्स यांचे काम मोलाचे आहे आणि त्याविषयी आमच्या मनात आदर आहे. तरीही या शास्त्रीय नावातून पक्ष्याविषयी काहीही कळत नाही, ही खंत राहतेच. गायबगळ्याच्या बाबतीत असे झाले नाही. त्याच्या नावातील बुबुल्कस म्हणजे गुराखी. चरणाऱ्या गुरांच्या पायांशी चालत, गवतातून उठणारे किडे टिपणारा हा बगळा लॅटिन आणि मराठी या दोन्ही नावांत सारखाच ओळखू येतो.

पुस्तकांत नावे वेगवेगळी का, हेही सांगायला हवे. मराठीत पक्ष्यांची नावे दोन वाटांनी आली. एक वाट संस्कृतची आहे. अमरकोशात बगळ्याला बक आणि कह्व म्हटले आहे. कह्व म्हणजे पाण्यात हाक देणारा, असा त्याचा विग्रह करतात. तेथेच सारसाला पुष्कराह्व आणि चक्रवाकाला चाकाच्या सर्व नावांचा धनी म्हटले आहे. दुसरी वाट बोलीभाषांची आहे आणि ती तालुक्यागणिक बदलते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात, विशेषतः नवेगावच्या परिसरात, आदिवासी आणि मासेमार समाजांकडून अशी नावे परिश्रमाने गोळा केली आणि संस्कृत नावांच्या शेजारी ती मानाने मांडली. त्यांच्या या कामामुळे मराठी वाचकाला दोन्ही वाटा एकत्र दिसल्या. छापील नावांत एकवाक्यता असणे गणनेसाठी सोयीचे आहे, हे मान्य. पण बोलीतले नाव एकदा तोंडातून गेले की ते कोणत्याही ग्रंथालयात सापडत नाही. म्हणून आपण आजोबांचे नाव लिहून ठेवावे. लिहिताना गाव, महिना, पक्ष्याचे रूप, तो काय करत होता आणि सांगणाऱ्याचा व्यवसाय हेही टिपावे. नुसते नाव लिहिले, तर ते कोणत्या पक्ष्याचे यावर पुढे वाद होतात.

प्रश्न : पाणकावळा हा कावळ्याच्या कुळातला आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. तो मासे पकडणारा, चारही बोटांना जोडणारा पडदा असलेला पाणपक्षी आहे. तो काळा असल्यामुळे आपल्या लोकांनी त्याला पाण्यातला कावळा म्हटले. युरोपातही हेच घडले. इंग्रजीतील कॉर्मोरंट हा शब्द समुद्रातला डोमकावळा या अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीवरून आला आहे आणि फॅलॅक्रोकोरॅक्स या ग्रीक नावाचा अर्थ टकल्या डोमकावळा असा आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या माणसांनी एकाच पक्ष्यात तोच ओळखीचा पक्षी पाहिला. एवढेच नव्हे, तर रातबगळ्यालाही शास्त्रात निक्टिकोरॅक्स म्हणजे रात्रीचा डोमकावळा म्हटले आहे. तिन्हीसांजेला तळ्यावरून जाताना तो जो घोगरा ‘वाक्’ काढतो, त्यावरून हे नाव पडले.

पाणकावळ्याच्या शेजारीच पंख पसरून वाळवत बसणारा, सापासारख्या लांब मानेचा पक्षी दिसला तर तो तिरंदाज समजावा. मानेला दिलेल्या झटक्यासरशी त्याची टोकदार चोच माशात घुसते. मराठी नाव या झटक्याचे आहे, सर्पपक्षी हे दुसरे नाव मानेचे आहे.

प्रश्न : दलदलीवरून अगदी खालून घिरट्या घालणाऱ्या ससाण्यासारख्या पक्ष्याला भोवत्या का म्हणतात?
— एक विद्यार्थी, अहिल्यानगर

उत्तर : तो भोवतो म्हणून. पाणकणसाच्या शेंड्यांवरून तो संथपणे फेऱ्या मारतो आणि खाली हालचाल दिसताच झेप घेतो. त्याच्या प्रजातीचे सर्कस हे नाव ग्रीक किर्कोस या शब्दावरून आले आहे आणि तेही घिरट्या घालण्यावरूनच पडले, असे मानतात.

प्रश्न : टिटवी आणि टिबुकली ही नावे ऐकायला सारखी वाटतात. त्यांचे काही नाते आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : पक्षी म्हणून त्यांचे नाते नाही. टिटवी हे नाव तिच्या आवाजाचे आहे. संस्कृतातील टिट्टिभ हा शब्दही त्याच आवाजावरून बनला. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चोचीने सागर मोजू पाहणारा टिटिभू आला आहे. गीतेवर टीका लिहिण्याचे आपले धाडस तसेच आहे, असे ज्ञानेश्वर तेथे विनयाने सांगतात. म्हणजे सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मराठीतही हा पक्षी आपल्या आवाजाच्याच नावाने ओळखला जात होता. टिटवी ओरडली की अशुभ, हा समज मात्र सोडून द्यावा. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि माणूस, कुत्रा किंवा साप जवळ आला की जिवाच्या आकांताने ओरडून त्याला दूर नेते. रात्री तिचा आवाज ऐकू आला, तर तिच्या घरट्यापाशी कोणी आले असेल एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

टिबुकली म्हणजे आपल्याकडील सर्वांत लहान पाणबुडा पक्षी. मुठीत मावेल एवढी दिसणारी ही तपकिरी पाखरे तळ्याच्या मध्यभागी तरंगत असतात आणि चाहूल लागताच क्षणात पाण्याखाली जातात. बुडताना होणारा बारीकसा ‘टुबुक’ आवाज शांत दुपारी काठावर ऐकू येतो आणि तिच्या नावातही तो ऐकू येतो. शास्त्रीय नाव टॅकिबॅप्टस रुफिकोलिस, म्हणजे झटकन बुडी मारणारी, तांबड्या मानेची. हा तांबूस रंग फक्त विणीच्या हंगामात येतो, हिवाळ्यात मान फिकट होते. घरटे तरंगत्या पाणवनस्पतींचे असते. मादी किंवा नर ते सोडून जाताना अंड्यांवर ओले शेवाळ आणि पाने ओढून ठेवतात. म्हणून तळ्यात कचऱ्याचा ढीग वाटणारी वस्तू गणनेच्या वेळी काठीने उसकटून पाहू नये.